एकाच लोहमार्गावरची दोन शहरे

१९०१ च्या जनगणनेत छावणीसह पुण्याची वस्ती सुमारे दीड लाख होती आणि सोलापूरची पाऊण लाख. २०११ मध्ये सोलापूर साडेनऊ लाखांवर पोचले, तर पिंपरी-चिंचवडसह पुण्याचा नागरी समूह साडेपन्नास लाखांवर गेला. दुपटीचे अंतर पाचपटीहून अधिक झाले. उत्पन्नाचेही तसेच आहे. दरडोई उत्पन्नात पुणे जिल्हा राज्याच्या सरासरीच्या बराच वर आहे, सोलापूर जिल्हा तिच्या खाली.

रेल्वे पुण्याला १८५८ मध्ये आली आणि सोलापूरला १८६० मध्ये, म्हणजे दळणवळणाची सुरुवात दोघांची जवळजवळ बरोबरच झाली. १९४१ पर्यंत सोलापूरने दोन लाखांचा टप्पा ओलांडला होता. चाळीस वर्षांत वस्ती जवळपास तिप्पट झाली, आणि हा वेग पुण्याहून जास्त होता. तेव्हा सोलापूर पहिल्यापासूनच मागे होते, ही समजूत चुकीची आहे.

तो वेग गिरण्यांनी दिला. मोरारजी गोकुळदासांनी १८७० च्या दशकात सोलापुरात सूतगिरणी काढली; गावाने पुढे तिला ‘जुनी गिरणी’ म्हटले. मागोमाग लक्ष्मी, नरसिंग गिरजी आणि विष्णू या गिरण्या उभ्या राहिल्या. आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून आणि तेलंगणातून माणसे आली. पद्मशाली विणकरांनी पूर्व भागात हातमाग आणि पुढे यंत्रमाग बसवले. कापूस, सूत, माग, रंगकाम, पेढ्या असे सारे शहर एका धाग्याने बांधले गेले. पण तो धागा ताणला की घरोघरी ओढ बसे. १९४९ मध्ये जुनी गिरणी बंद पडली, तेव्हा तिचा ताबा घेण्यासाठी केंद्र सरकारला जानेवारी १९५० मध्ये अध्यादेश काढावा लागला. त्यावरचे खटले सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ते आजही घटनेच्या अभ्यासक्रमात शिकवले जातात. पुढच्या दशकांत गिरण्या एकेक करून थांबल्या. गिरणीतले कसब यंत्रमागांच्या लहान कारखान्यांत टिकून राहिले, चादर आणि टॉवेलने सोलापूरचे नाव दूरवर नेले, बायकांच्या हाताला विडीचे काम मिळाले. मात्र कमाईची पातळी फारशी उंचावली नाही.

पुण्यात असा एक राजा-उद्योग कधीच नव्हता, आणि हेच त्या शहराचे भाग्य ठरले. पेशवाई संपल्यावर तिथे छावणी बसली, १८५४ मध्ये पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेली शाळा निघाली, १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा कारखाना आला, १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर विद्यापीठ (१९४९), राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (१९५०) आणि पिंपरीचा पेनिसिलीनचा कारखाना (१९५४) यांची भर पडली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच दशकात बजाज, टेल्को, भारत फोर्ज यांसारखे उद्योग पिंपरी, आकुर्डी, मुंढव्याच्या परिसरात वाढले. मुंबईत जागा महाग होत होती आणि घाट उतरला की बंदर होते. या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेडी भोसरीत उभ्या राहिल्या. एका कारखान्यात लेथवर हात बसलेला कामगार चार वर्षांनी स्वतःचे जॉब वर्क घेऊ लागे. संगणकाचा व्यवसाय हिंजवडीत आला, तेव्हा त्याला लागणारे अभियंते शहरातच तयार होत होते.

अशा फरकाची मीमांसा अर्थशास्त्रज्ञांनी अन्य देशांतही केली आहे. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये एका धंद्याची माणसे एकत्र राहिल्याने होणारे लाभ सांगितले. सोलापूरची चढती कमान त्यात नेमकी बसते. जेन जेकब्स यांनी १९६९ मध्ये उलट बाजू दाखवली. मँचेस्टर कापडावर विसंबून थकले, नाना तऱ्हेच्या लहान कारखान्यांचे बर्मिंगहॅम नवी कामे शोधत राहिले. एडवर्ड ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतील १७० शहरांचे आकडे तपासले, तेव्हा धंद्यांची विविधता आणि स्थानिक स्पर्धा असलेल्या ठिकाणी रोजगार अधिक वाढल्याचे आढळले. त्यांच्या १९९५ च्या अभ्यासात शिक्षणाची आरंभीची पातळी जिथे उंच होती, तिथे पुढची तीस वर्षे उत्पन्न आणि वस्ती दोन्ही जोमाने वाढल्याचे दिसले. एकाच उद्योगाच्या शहराची शोकांतिका डेट्रॉइटने सर्वांत ठळक दाखवली. १९५० मध्ये तिथे साडेअठरा लाख माणसे होती, २०१० मध्ये सात लाखांच्या थोडी वर उरली.

वस्तीचे आकडे वाचताना एक सावधगिरी हवी. १९९१ ते २००१ मध्ये सोलापूर सहा लाखांवरून पावणेनऊ लाखांवर गेले, त्यात हद्दवाढीचा वाटा मोठा होता. पुण्याच्या हद्दीही वेळोवेळी वाढल्या. म्हणून शहराचा खरा वेग माणसे कुठून कुठे कामाला जातात यावरून अधिक नीट कळतो, आणि सोलापूरचे तरुण पुण्याच्या गाडीत बसतात, हे कोणत्याही तक्त्यापेक्षा बोलके आहे.

उद्यमी माणसांची उणीव सोलापूरला नव्हती. वालचंद हिराचंद याच शहरात १८८२ मध्ये जन्मले. त्यांची विमाने बंगळूरला, जहाजे विशाखापट्टणमला आणि मोटारी मुंबईत तयार झाल्या. सोलापुरात काही उभे करावे, असे तिथले शिक्षण, बाजार आणि सरकारी निर्णय यांनी त्यांना सुचवले नाही. त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय शहरात १९८३ मध्ये सुरू झाले, पुण्याच्या मागून जवळजवळ एकशेतीस वर्षांनी. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते २००४ मध्ये. तोवर पुण्याच्या विद्यापीठाला पंचावन्न वर्षे झाली होती.