एकाहत्तरीपूर्वीची सहा वर्षे

कॅनडातील निवृत्तिवेतनाची व्यवस्था एका कायद्यातून उभी राहिलेली नाही, ती थरावर थर चढत गेली आहे. १९२७च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरजू वृद्धांना, त्यांची मिळकत तपासून, महिन्याला जास्तीत जास्त २० डॉलर देण्याची सोय केली; १९५२पासून ही तपासणी गेली आणि वास्तव्याची अट पूर्ण करणाऱ्या सर्वांना सरसकट ४० डॉलर मिळू लागले, तीच आजची ओल्ड एज सिक्युरिटी, म्हणजे ओएएस. तिच्या जोडीला १९५७ साली करसवलतीच्या खासगी बचतीचे आरआरएसपी खाते, १९६६ साली पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीवर चालणारी सीपीपी (क्वेबेक प्रांताची योजना वेगळी आहे) आणि २००९ साली टीएफएसए हे करमुक्त बचत खाते आले. या प्रत्येक थराचा कर वेगळा असल्यामुळे, किती पैसे साठवले याइतकाच कोणते पैसे कोणत्या वर्षी काढले हा प्रश्नही निर्णायक ठरतो, आणि बहुतेक कुटुंबांत नेमका तोच प्रश्न उशिरा विचारला जातो.

आरआरएसपीत भरलेली रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा होते, म्हणजे कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो. ज्या वर्षी खातेदार ७१ वर्षांचा होतो त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत हे खाते बंद करून रक्कम साधारणपणे आरआरआयएफ या खात्यात वळवावी लागते. त्यातून दर वर्षी ठरावीक किमान हिस्सा काढणे सक्तीचे असते आणि हा हिस्सा ७१व्या वर्षी ५.२८ टक्के, ८०व्या वर्षी ६.८२ टक्के, तर ९५व्या वर्षापासून २० टक्के असा चढत जातो. काढलेला प्रत्येक डॉलर करपात्र उत्पन्नात मिळवला जातो. त्यातच, व्यक्तीचे निव्वळ उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे गेले (२०२५साठी ती ९३,४५४ डॉलर होती), तर वरच्या रकमेच्या १५ टक्के इतकी ओएएस सरकार परत घेते. नेहमीचा केंद्रीय आणि प्रांतिक कर याशिवाय भरावा लागतोच.

म्हणूनच पासष्टीला नोकरी सोडल्यापासून एकाहत्तरीपर्यंतची सहाएक वर्षे मोलाची आहेत, कारण पगार थांबलेला असतो, सक्तीची उचल सुरू झालेली नसते आणि उत्पन्न आयुष्यातील बऱ्याच वर्षांपेक्षा कमी, म्हणून कराचा दरही खालचा असतो. या काळात बचतीतून थोडे थोडे काढून घर चालवले आणि सरकारी पेन्शन पुढे ढकलली, तर पासष्टीनंतरच्या प्रत्येक महिन्यामागे सीपीपी ०.७ टक्के आणि ओएएस ०.६ टक्के वाढते; सत्तरीपर्यंत थांबल्यास ही वाढ अनुक्रमे ४२ आणि ३६ टक्के होते, शिवाय महागाईप्रमाणे वाढणारी ही रक्कम हयातभर मिळते. प्रकृती साथ देत नसेल किंवा हाती बचतच नसेल, तर मात्र थांबण्यात अर्थ नाही. पती-पत्नींना आणखी एक वाट खुली आहे. पासष्टीनंतर आरआरआयएफमधून आलेल्या उत्पन्नाचा निम्म्यापर्यंतचा भाग विवरणपत्रात जोडीदाराच्या नावे दाखवता येतो, पण आरआरएसपीतून थेट काढलेल्या रकमेला ही मुभा नाही. त्यामुळे काही भाग पासष्टीलाच आरआरआयएफमध्ये वळवणे शहाणपणाचे ठरते. जोडीदार गेल्यावर हा आधारही तुटतो आणि दोघांची शिल्लक एकाच व्यक्तीच्या उत्पन्नात येऊ लागते, हे दुःखाच्या वर्षी कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

कमी उत्पन्न असलेल्या वृद्धांच्या बाबतीत हिशोब उलटा होतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते ही खेदाची गोष्ट आहे. त्यांना ओएएसवर मिळणारे पूरक अनुदान इतर उत्पन्नाच्या प्रत्येक डॉलरमागे ढोबळमानाने पन्नास सेंट घटते. आरआरएसपीतील पैसा हे अनुदान खातो, टीएफएसएतून काढलेला पैसा उत्पन्नात धरलाच जात नसल्याने त्याला धक्का लावत नाही. तुटपुंज्या पगारातून करसवलतीच्या ओढीने आरआरएसपी भरणारा माणूस म्हणूनच अनेकदा स्वतःचेच नुकसान करून घेतो.

पुण्या-मुंबईहून ऐन तारुण्य ओलांडून टोरांटो परिसरात स्थायिक झालेल्यांपुढे आणखी एक गणित असते. पूर्ण ओएएससाठी वयाच्या अठराव्या वर्षानंतर ४० वर्षांचे वास्तव्य लागते. ३८व्या वर्षी आलेल्याला पासष्टीला ४०पैकी २७ भागच मिळतात. कॅनडात राहून ती घेण्यासाठी किमान १० वर्षे पुरतात, पण भारतात परतल्यावरही ती चालू राहावी तर २० वर्षे लागतात, नाहीतर देश सोडल्यानंतर सहा महिन्यांनी ती थांबते. १ ऑगस्ट २०१५पासून लागू झालेल्या भारत-कॅनडा सामाजिक सुरक्षा कराराने भारतातील नोकरदारांच्या पेन्शन योजनेत भरलेली वर्षे या अटीसाठी धरता येतात, मात्र रक्कम कॅनडातील वर्षांवरच ठरते. कॅनडाचा रहिवासी जगभरच्या उत्पन्नावर कर भरत असल्याने भारतात करमुक्त असलेले पीपीएफचे व्याजही तेथे करपात्र ठरते, आणि मुलुखातली जुनी गुंतवणूक एक लाख डॉलरहून अधिक किमतीची असेल, तर ती दर वर्षी वेगळ्या अर्जावर जाहीर करावी लागते.