मोटारीचें एंजिन कां तापतें? यांत्रिक पंप कीं विजेचा पंप?

बैलाच्या खुरास ठेंच लागली तर आपण तत्काळ जूं उतरवितों. परंतु मोटारीच्या उष्णतेचा कांटा वर चढूं लागला म्हणजे "आणखी कोसभर जाऊं" असें म्हणणारेच पुष्कळ. गेल्या उन्हाळ्यांत हा प्रमाद आमच्याकडूनही घडला. टोमॅटो भरलेली आमची जीप खंबाटकीच्या घाटांत उकळूं लागली व अर्धा दिवस तेथेंच गेला. माल पोंचला तेव्हां बाजार उठला होता. मिस्त्रीनें निदान केलें कीं, पाण्याचा पंप गेला, आतां विजेचाच बसवा. हा सल्ला मानण्यापूर्वी आम्ही जो तपास केला, त्याचें सार वाचकांपुढें ठेवितों.

इंधनापासून निघालेल्या उष्णतेचा थोडाच भाग चाकांच्या कामीं येतो. बाकीच्या उष्णतेचा मोठा वांटा धुराबरोबर जातो व बराचसा पाण्यास बाहेर वाहून न्यावा लागतो. पंप हें पाणी एंजिनाच्या पोकळ्यांतून फिरवून रेडिएटरांत आणतो. तेथें वारा व पंखा त्यास निववितात. वाटेंत थर्मोस्टॅट नांवाची झडप असते. ती बहुधा ८२ ते ९० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास उघडूं लागते. रेडिएटरचें झांकणही केवळ झांकण नव्हे. चौरस इंचास सुमारें १५ पौंड दाब धरणाऱ्या झांकणाखालीं साधें पाणी १०० ऐवजीं सुमारें १२० अंशांवर उकळतें. म्हणूनच तापलेलें झांकण कधींही उघडूं नये. दाब जातांच पाणी उसळून तोंड व हात भाजतात.

निदान करितांना प्रथम पाहावें तें हें कीं, एंजिन केव्हां तापतें.

१. उभें असतां तापतें व चालूं लागल्यावर निवतें, तर दोष बहुधा पंख्याचा.

२. वेगांत किंवा चढावर तापतें, तर रेडिएटर आंतून क्षारानें वा बाहेरून कचऱ्यानें बुजलेला असावा, पट्टा घसरत असावा किंवा पंपाचीं पातीं झिजलेलीं असावींत.

३. कांटा चढला तरी रेडिएटरची वरची नळी थंडच, तर थर्मोस्टॅट मिटून बसला आहे किंवा आंत हवा अडकली आहे. थर्मोस्टॅट काढून पाण्याच्या भांड्यांत दोऱ्यानें टांगावा व पाणी तापवावें. तो उघडतो कीं नाहीं हें डोळ्यांनीं दिसतें.

४. पाणी वरचेवर घटतें, धूर पांढरा येतो किंवा तेल दुधाळ होतें, तर हेड-गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. अशा वेळीं नवा पंप बसविणें म्हणजे पैसा पाण्यांत घालणें होय.

पंपच दोषी असल्यास तो तसें सांगतो: त्याच्या पोटाखालच्या बारीक छिद्रांतून पाणी ठिबकतें, आंस हलतो किंवा बेअरिंग कुरकुरतें. आमच्या जीपेंत यांतलें कांहींच नव्हतें. मळणीचा भुसा रेडिएटरच्या जाळींत गच्च बसला होता व पट्टा ढिला होता. जाळी आंतल्या बाजूनें बाहेर पाणी मारून धुतली, पट्टा ताणला. त्यानंतर तोच घाट तीच जीप भरल्या मालानिशीं चढली.

आतां पंपांची तुलना. फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीस, अगदीं पहिल्या सुमारें २,५०० गाड्या सोडल्यास, पंपच नसे. गरम पाणी वर चढतें एवढ्यावरच तिचें भागे. पुढें एंजिनें जोरदार झालीं व पट्ट्यावरचा पंप सार्वत्रिक झाला. टोयोटाच्या प्रियस गाडींत २००९ पासून पट्टा जाऊन विजेचा पंप आला.

यांत्रिक पंपाचा गुण साधेपणा: ना तार, ना फ्यूज, आणि कोणताही मिस्त्री तो बदलूं शकतो. दोष असा कीं, त्याचा वेग एंजिनावर अवलंबून. एंजिन मंद चालतांना पाणी कमी फिरतें. वेग दुप्पट झाल्यास पंप सुमारें आठपट शक्ति खातो. विजेचा पंप गरजेपुरतेंच पाणी फिरवितो व एंजिन बंद केल्यावरही तें निववूं शकतो. परंतु त्यास नियंत्रक, उष्णतामापक व चांगल्या तारा लागतात. फ्यूज उडाला कीं पाणी थांबतें, आणि पट्टा तुटून आल्टरनेटर थांबला तर तो बॅटरी पुरेल तेवढाच चालतो.

म्हणून आमचें मत असें कीं, शेतकऱ्याच्या सामान्य गाडीस मूळचा यांत्रिक पंपच श्रेयस्कर. गाडी मूळचीच विजेच्या पंपाची असेल, किंवा एंजिन तासन् तास उभ्यानें चालवावें लागत असेल व तारांचें काम जाणणारा मिस्त्री जवळ असेल, तरच दुसऱ्याचा विचार करावा.

शेवटीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. विहिरीचें क्षारयुक्त पाणी रेडिएटरांत घालूं नये. शुद्ध केलेलें पाणी व कूलंट घालावें. बॅटरीचा दिवा लागला व कांटाही चढला, तर पट्टा तुटला असें समजून तेथेंच थांबावें. आणि तापल्या एंजिनावर थंड पाणी ओतूं नये. ओतीव लोखंड तडकतें. घटकाभर थांबल्यानें बाजार चुकेल, पण एंजिन वांचेल.