सायकल वाढत्या अंगाची घेऊ नका

तायांनो, जून जवळ आला की गटाच्या बैठकीतल्या कर्जाच्या मागण्या बदलतात. धानाच्या बियाण्याबरोबर वह्या-पुस्तकं, दप्तर आणि सायकल ही नावं येऊ लागतात. सायकलीचं नाव निघालं की आपण किंमत विचारतो, हप्ता किती बसेल ते विचारतो. पण "किती इंची घेणार?" हे कोणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "मोठीच घेते ना ताई, पोरगी वाढते आहे, दोन वर्षांत लहान पडायला नको."

फ्रॉक वाढत्या अंगाचा घेतला तर चालतो. खालून दुमडून टाका घालता येतो, पुढच्या वर्षी उसवता येतो. सायकलीला तसा टाका घालता येत नाही. मोठ्या सायकलवर पोरीचे पाय जमिनीला टेकत नाहीत. चालत्या सायकलवर ते कळत नाही, थांबायची वेळ आली की कळतं. साधी लोखंडी सायकल 18-20 किलोची असते, वर दप्तर. एका बाजूला कलली की तिला सावरत नाही. हँडल लांब असलं तर बोटं ब्रेकपर्यंत नीट पोचत नाहीत. लाखनी-साकोलीकडच्या महामार्गावर मागून ट्रक येत असताना हे काय होऊ शकतं, ते मी सांगायला नको. दोनदा पडली की लेकरू म्हणतं, "मी पायीच जातो." मग कर्ज फेडणं चालू आणि सायकल पडवीत उभी.

लहान सायकलचा त्रास वेगळा. गुडघे हँडलला लागतात, पाठ वाकते, चढावर मांड्या भरून येतात. पण पाय तरी टेकतात. म्हणून दोन मापांमध्ये अडकलात तर लहान माप घ्या आणि सीट वर करा.

आता 'इंच' या शब्दाचा घोळ. घरची जुनी काळी दांडीची सायकल आपण 'चोवीस इंची' किंवा 'बावीस इंची' म्हणतो. ते माप फ्रेमचं असतं, तिची चाकं 28 इंचाची असतात. दुकानात मुलांच्या सायकलला 20, 24 किंवा 26 म्हणतात, ते माप चाकाचं. म्हणजे बाबांची 24 आणि पोरीची 24 या दोन अगदी वेगळ्या सायकली. जुनी सायकल घेत असाल तर टायरच्या कडेवर छापलेला आकडा पाहा, तो चाकाचा आहे.

वयावरून माप ठरवू नका. एकाच वर्गातल्या दोन पोरींच्या उंचीत अर्ध्या फुटाचा फरक सहज असतो. ढोबळ अंदाज हवा असेल तर उंचीवरून असा धरा: साडेतीन फुटांच्या आसपास 16 इंची, 4 फुटांच्या आसपास 20, साडेचार फुटांच्या आसपास 24 आणि पावणेपाच फुटांच्या वर 26. पण हा अंदाजच. खरं माप उंचीचं नाही, पायांचं.

ते माप घरीच घ्या. दुकानात पोरी लाजतात, आणि ते बरोबरच आहे. शाळेचे बूट घालून पोरीला भिंतीला पाठ लावून उभी करा, पायांमध्ये वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याची वही दोन्ही पायांमध्ये आडवी धरून, सीटवर बसल्यासारखी वरपर्यंत टेकवायला सांगा. वहीच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलची खूण करा. जमिनीपासून खुणेपर्यंत शिवणाच्या टेपने मोजा आणि इंच लिहून ठेवा.

तोच टेप दुकानात न्या. सायकलची सीट अगदी खाली करायला सांगा आणि जमिनीपासून सीटच्या वरच्या बाजूपर्यंत मोजा. लेकरू नवशिकं असेल तर हा आकडा पायाच्या मापाएवढा किंवा कमी हवा, म्हणजे दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. चालवता येत असेल तर सीट पायाच्या मापापेक्षा 2-3 इंच वर चालते, तेव्हा चवडे टेकतात. सीट सगळ्यात खाली असतानाच ती त्याहून उंच असेल, तर दुकानदार कितीही म्हणो, ती सायकल तुमच्या लेकराची नाही.

मग तिला बसवून पाहा. हँडल धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवायला सांगा, गुडघा अडतो का पाहा. आणि ब्रेक. मूठ न सोडता बोटं पोचतात का, आणि दाबायला जोर पुरतो का? मला विचाराल तर रंग, टोपली, घंटी सगळं यानंतर पाहावं.

वाढीची जागा सायकलमध्ये असते, ती सीटच्या पाइपमध्ये. म्हणून आज सीट खाली ठेवून नीट बसणारी आणि वर बराच पाइप शिल्लक असलेली सायकल शोधा. त्या पाइपवर बारीक रेघांची खूण असते. ती खूण बाहेर दिसेल इतकी सीट कधीच वर काढू नका, पाइप वाकतो किंवा तुटतो. खूण नसेल तर किमान अडीच-तीन इंच पाइप आत राहू द्या.

मुलींची उंची मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी झपाट्याने वाढते. पाळी सुरू झाल्यानंतर तो वेग मंदावतो. त्यामुळे आठवी-नववीतल्या बहुतेक मुलींसाठी 'पुढे वाढेल' म्हणून मोठी घ्यायचं कारणच उरत नाही. मुलगे मात्र सातवी ते दहावीत एकदम उंच होतात, त्यांच्या सायकलला लांब पाइप पाहूनच घ्या.

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी 5000 रुपये मिळतात. साडेतीन हजार आधी खात्यात येतात आणि खरेदीची पावती दिल्यावर दीड हजार. सायकल आपणच निवडायची असते, म्हणून दुकानात पोरीला सोबत न्याच. नुसता बाप जाऊन आणतो आणि पोरगी घरी वाट पाहते, असं करू नका. अर्जाचं शाळेत विचारा.

लहान मुलांची 16 किंवा 20 इंची सायकल दोन-तीन वर्षांत लहान पडतेच. ती भंगारात देण्याआधी बैठकीत सांगा. रजिस्टरच्या मागच्या पानावर दोन रकाने करा. एकीकडे कोणाची सायकल लहान झाली आणि ती किती इंची, दुसरीकडे कोणाच्या लेकराला हवी आणि त्याच्या पायाचं माप किती. किंमत आपसात ठरवा. ब्रेकचे रबर आणि टायर पाहून घ्या, ते बदलायचा खर्च नव्या सायकलच्या मानाने फार कमी येतो. माप मात्र दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्या. तान्हा पोळा आणि होळी, हे दोन दिवस धरले की लक्षात राहतात.