विश्लेषण : मॅरेथॉननंतरचा फोटो मोफत का मिळतो? त्याची किंमत नेमकी कोण मोजतं?

रविवारी सकाळी शर्यत संपते आणि दुपारपर्यंत व्हॉट्सअॅप स्टेटस, इन्स्टाग्राम स्टोरी मेडल घातलेल्या फोटोंनी भरून जातात. छत्रपती संभाजीनगरला हे चित्र नवं नाही. २०१६ मध्ये लोकमत महामॅरेथॉन याच शहरातून सुरू झाली, पुढे ती नाशिक, कोल्हापूर, नागपूर, पुण्यात पोहोचली. ३ किलोमीटरच्या कौटुंबिक धावेपासून २१ किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनपर्यंत सगळे गट असल्याने आजी-आजोबांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळेच कॅमेऱ्यासमोर येतात.

अशा शर्यतींनंतर अनेकदा एक लिंक येते : बिब क्रमांक टाका किंवा सेल्फी अपलोड करा आणि तुमचे फोटो मोफत घ्या. फोटो मोफत असला तरी कॅमेरा, छायाचित्रकार आणि सर्व्हरचा खर्च कुणीतरी करतंच. मग हे गणित काय आहे?

हजारोंच्या गर्दीत तुमचा फोटो सापडतो कसा?

यासाठी तीन गोष्टी वापरतात. पहिली म्हणजे छातीवरचा बिब. सॉफ्टवेअर फोटोतले आकडे वाचून त्या क्रमांकाखाली फोटो लावतं. जॅकेटची चेन ओढलेली असेल किंवा बिब कमरेला दुमडलेला असेल, तर फोटो हरवतो तो इथेच.

दुसरी म्हणजे वेळ. अनेक शर्यतींत बिबला चिप असते. मार्गावरच्या मॅटवरून जाताना तिची नोंद होते. कॅमेऱ्याचं घड्याळ त्याच वेळेशी जुळवलेलं असेल, तर त्या क्षणी तिथून कोण गेलं हे कळतं.

तिसरी म्हणजे चेहरा. तुमच्या सेल्फीतल्या चेहऱ्याची मोजमापं काढून ती सगळ्या फोटोंशी ताडली जातात. बिब झाकलेला असला तरी फोटो मिळतो. सोय मोठी आहे, पण खरा प्रश्नही इथेच उभा राहतो. त्याकडे पुढे येऊ.

प्रायोजकाला यात काय मिळतं?

पूर्वीची रूढ पद्धत म्हणजे फोटो विकणं. वॉटरमार्क असलेला नमुना बघायचा आणि पैसे भरून मूळ फोटो घ्यायचा. मोफत पद्धतीत हे पैसे प्रायोजक देतो. त्या बदल्यात टी-शर्ट, बिब, अंतिम रेषेवरची कमान, मेडलमागचा बॅकड्रॉप आणि फोटोची चौकट अशा जागांवर त्याचं नाव झळकतं.

चौकातल्या होर्डिंगकडे लोक बघतीलच असं नाही. पण आपली भाची २१ किलोमीटर धावली, तर तो फोटो सगळे नातेवाईक उघडतात, ‘भारीच!’ म्हणतात आणि पुढे पाठवतात. जाहिरात ओळखीच्या माणसाच्या हातून, त्याच्या कौतुकासोबत पोहोचते. आयोजकांनाही फायदा होतो. पुढच्या वर्षी नाव नोंदवायची इच्छा अशाच फोटोंतून होते.

म्हणून वेळेला महत्त्व आहे. फोटो त्याच दिवशी मिळाला तर शेअर होतो. आठवड्याने आला, तर तो फोनच्या गॅलरीतच राहतो.

एका फोटोने काय होऊ शकतं?

याचं सर्वात ठळक उदाहरण १९६७ च्या बोस्टन मॅरेथॉनचं आहे. तेव्हा मॅरेथॉन हा पुरुषांचाच खेळ मानला जाई. २६१ क्रमांकाचा बिब लावून धावणाऱ्या कॅथरीन स्वित्झर यांचा बिब ओढून काढायचा प्रयत्न आयोजकांपैकी जॉक सेंपल यांनी केला. ते फोटो जगभर गेले. १९७२ मध्ये बोस्टनने महिलांना अधिकृत प्रवेश दिला. २०१७ मध्ये वयाच्या सत्तराव्या वर्षी स्वित्झर पुन्हा तोच क्रमांक लावून तिथे धावल्या.

मग अडचण कुठे आहे?

शर्यतीचे निकाल बहुतेक वेळा सगळ्यांसाठी खुले असतात. नाव टाकलं की बिब क्रमांक दिसतो. फोटोंची लिंकही खुली असेल, तर तोच क्रमांक टाकून कुणीही अनोळखी माणूस एखाद्या मुलीचे सगळे फोटो उतरवून घेऊ शकतो. चेहऱ्यावरून शोधायची सोय असेल, तर तिचा इन्स्टाग्रामवरचा एखादा फोटोही पुरतो.

कायदा काय म्हणतो?

फोटोत तुम्ही आहात म्हणून त्याचा कॉपीराइट तुमचा होत नाही. १९५७ च्या कायद्यानुसार तो साधारणपणे छायाचित्रकाराचा असतो. कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले असतील आणि वेगळा करार नसेल, तर तो पैसे देणाऱ्याचा.

तुमच्या माहितीचं रक्षण हा वेगळा विषय आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. माहिती कशासाठी घेतली ते स्पष्ट सांगणं, संमती मागे घेण्याची सोय देणं आणि १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती घेणं हा त्याचा गाभा आहे.

आयोजकांनी काय करावं?

उपाय अवघड नाहीत. अल्बम नोंदणीकृत मोबाइलवरच्या ओटीपीनेच उघडावा. ठराविक दिवसांनी लिंक बंद करावी. ‘माझा फोटो काढून टाका’ असा पर्याय द्यावा. शर्यतीत धावण्याची संमती आणि जाहिरातीत चेहरा वापरण्याची संमती वेगवेगळी घ्यावी.

आणि तुम्ही?

- बिब छातीवर, चारही पिना लावून, उघडा ठेवा.
- नोंदणी करताना फोटोंविषयीची अट वाचा.
- आधी बिब क्रमांकाने शोधा. फोटो नाहीच मिळाला, तरच सेल्फी द्या.
- बिबच्या मागच्या बाजूचा फोटो टाकू नका. तिथे रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिलेला असतो.
- मुलांचा फोटो टाकताना त्यांचं नाव आणि शाळा दिसत नाही ना, ते पाहा.

प्रायोजकाचं नाव मिरवत आपला फोटो शेअर करण्यात गैर काहीच नाही, तो सरळ व्यवहार आहे. फक्त त्यात आपण काय देतो आहोत, हे धावणाऱ्याला आधी माहीत असायला हवं.