दुनळीची माशी

भिलाईच्या मैत्री बागेत पांढरा वाघ पाहताना बंदूक कुणाला आठवत नाही. पण याच छत्तीसगडच्या कोरिया संस्थानात, 1947 साली, महाराजांच्या गोळीने देशातले शेवटचे समजले जाणारे तीन चित्ते पडले. पुढे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला. फार उशिरा घातला, असं मला वाटतं. शिकार गेली, तरी परवान्यावरची बारा बोअरची दुनळी काही जुन्या घरांत राहिली. ती सांभाळायची तर तिची रचना समजून घ्यावी लागते.

रायफलीला नेम धरायला पुढे माशी आणि मागे खाच असते. दुनळीला मागे काहीच नाही. दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीच्या टोकाला मोहरीएवढा पितळी मणी, एवढीच माशी. मागची खाच म्हणजे नेम धरणाऱ्याचा डोळा. त्यामुळे नेम जुळवायचा तो लाकडी दस्त्यात. दस्ता गालाला उंच लागला की डोळा पट्टीच्या वर राहतो आणि छर्रे वर जातात. खाली लागला तर उलट. जाणकार कारागीर अधिकृत रेंजवर 16 यार्डांवरून कागदावर बार काढून पाहतात. छर्‍यांचा मध्य एक इंच सरकलेला दिसला, तर दस्त्यात एक इंचाचा सोळावा भाग इकडचा तिकडे करायचा. माशीला हातही लावायचा नाही.

माशीची निगा साधी आहे. ती बारीक आट्यांवर बसते. पुसताना फडक्याचा धागा अडकला की सैल होते आणि एखाद्या दिवशी हरवते. खरी काळजी पट्टीची. ती नळ्यांना कथलाच्या डाकाने जोडलेली असते. डाक सुटला की पावसाळ्यात आत पाणी शिरतं आणि बाहेरून चकचकीत दिसणारी नळी आतल्या आत गंजते.

हा डाक तपासायची जुनी रीत फार सुंदर आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्यांची जोडी दस्त्यापासून सोडवायची, दोरीला टांगायची आणि बोटाने टिचकी मारायची. डाक शाबूत असेल तर घंटेसारखा लांबवर घुमणारा नाद येतो. आवाज बद्द आला, तर ती बंदूक चालवू नका. परवानाधारक कारागिराकडे न्या.