युकुलेलेची चौथी तार

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये मला बऱ्यापैकी मार्क्स आहेत. तरीही रूममेटचं युकुलेले माझ्याच हातून मोडलं! तुमच्या हातून असं होऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

गॅदरिंग महिन्यावर आलेलं. दिवाळीच्या सुटीत प्रॅक्टिससाठी युकुलेले मी घरी सावलीला नेलं आणि तिथे त्याची चौथी तार तुटली. आमच्या गावात हार्मोनियम आहे, तबला आहे, भजनी मंडळाची एकतारी आहे. पण युकुलेलेची तार कुठून मिळणार? भाऊ चंद्रपूरला गेला होता, तो गिटारच्या तारांचा सेट घेऊन आला. मी हिशेब केला, ‘हीपण चौथी, तीपण चौथी.’ लावली आणि खुंटी पिळत सुटलो. सूर लागायच्या आधीच ‘कट्’ असा आवाज झाला आणि ब्रिज लाकडाचा पापुद्रा घेऊन उखडला. ओसरीवर बसलेले मोठे बाबा म्हणाले, “काहून एवढं तानलं बाप्पा? वाद्याले झेपते का, पाह्यलं का?”

पाहिलं नव्हतं. नंतर वही घेऊन बसलो.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, ताण आणि तारेचं दर मीटर वजन. सूत्र अकरावी-बारावीतलंच आहे. लांबीला वारंवारतेने गुणा, त्याची दुप्पट करा, त्याचा वर्ग करा आणि दर मीटर वजनाने गुणा, ताण मिळतो. आता गंमत बघा. लांबी वाद्याने ठरवलेली, सूर आपण ठरवलेला. हातात उरतं फक्त तारेचं वजन. म्हणजे तार निवडणं म्हणजे खरं तर ताण निवडणं.

युकुलेलेच्या चार तारा जी-सी-ई-ए अशा लावतात. पण चौथी तार, म्हणजे जी, सगळ्यात खर्जातली नसते. ती सी आणि ई या दोघींपेक्षा वरच्या सुरात, ३९२ हर्ट्झला असते. गिटारची चौथी तार मात्र जाड, गुंडाळीची आणि सुमारे १४७ हर्ट्झसाठी बनवलेली. कॉन्सर्ट मापाच्या युकुलेलेत तारेची लांबी साधारण ३८ सेंटिमीटर. तिथे ०.७ मिलिमीटरच्या नायलॉन तारेला जी सुरासाठी सुमारे ४ किलो ताण लागतो. गिटारची चौथी तार त्याच सुराला न्यायची तर १५ किलोंच्या वर! एकटी तार चौघींचं ओझं टाकणार. बिचारा ब्रिज नुसता चिकटवलेला असतो, तो काय करणार?

म्हणजे नंबरला नंबर जुळवून चालत नाही. ही गोष्ट मिरजेच्या कारागिरांना फार आधीपासून ठाऊक आहे. तिथल्या शिकलगारांनी हत्यारांचं काम सोडून १८५०च्या सुमारास तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याला तारा घ्यायच्या तर आधी प्रश्न येतो, ‘पट्टी कोणती?’ काळी एकचा मोठा तंबोरा आणि काळी चारचा लहान तंबोरा यांच्या तारांची जाडी वेगळी. जोडाच्या तारा पोलादाच्या, तर खर्जाची जाड आणि पितळेची. सूर आणि लांबी आधी, तार नंतर.

युकुलेलेही तसंच वाढलं. १८७९ मध्ये मदेराहून हवाईला गेलेल्या पोर्तुगीज मजुरांबरोबर छोटी गिटार तिथे पोचली, त्यातून हे वाद्य घडलं. आधी आतड्याची तात असायची, पुढे नायलॉन आलं. आता फ्लुरोकार्बनही मिळतं. ते नायलॉनपेक्षा दीडपट जड, त्यामुळे तेवढ्याच ताणाला तार साधारण वीस टक्के बारीक चालते. आवाज टणक आणि स्वच्छ येतो. शिवाय ते पाणी शोषत नाही. नायलॉन शोषतं, म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात सूर जरा जास्त हलतो. नायलॉन बोटाला मऊ, आवाजाला गोल. नवशिक्याला ते बरं.

मग माझं काय झालं? सुतारकाकांनी ब्रिज चिकटवून, शिकंजा लावून दोन दिवस ठेवून दिला. तारेसाठी मी आसोलामेंढा तलावावर मासे धरणाऱ्या मित्राकडून ०.७ मिलिमीटरचा तंगूस आणला. हसू नका, तोही नायलॉनच! काम भागलं. पण साध्या तंगुसाची जाडी सगळीकडे सारखी असेलच असं नाही. मग मोकळी तार सुरात आणि पडद्यावर दाबली की बेसूर. म्हणून हा फक्त अडीनडीचा उपाय.

तेव्हा तारा घेताना एवढं बघा. पाकिटावर वाद्याचं माप वाचा : सोप्रानो, कॉन्सर्ट की टेनर. चौथी तार वरच्या जीची हवी की खालच्या, ते ठरवा. खालच्या जीसाठी बहुधा गुंडाळीची तार लागते. गिटारची पोलादी तार नायलॉनच्या युकुलेलेवर चढवूच नका. नवी तार चार-पाच दिवस ताणत राहते, म्हणून गॅदरिंगच्या आदल्या रात्री बदलू नका.

गॅदरिंगला आम्ही वाजवलं. रूममेटने माफ केलं, पण मेसमध्ये अजून विचारतो, “काय रे, पंधरा किलो?”