लायसन्स आधी, गाडी मग

जर्मनीत नोकरीला असलेलं कुणी ना कुणी आता महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत सापडतं. मुंबई आणि श्टुटगार्ट ही 1968 पासूनची भगिनी-शहरं. चाकणच्या कारखान्यांतून 2009 पासून जर्मन कंपन्यांच्या मोटारी बाहेर पडताहेत. त्यामुळे पिंपरी-चिंचवडचा इंजिनीअर श्टुटगार्टला किंवा म्युनिकला जातो, तेव्हा तिथली मोटार त्याला नटबोल्टसकट ओळखीची असते. तिथला रस्ता मात्र अनोळखी असतो, आणि तिथल्या कायद्याला खात्री हवी असते ती रस्त्याच्या ओळखीचीच.

दहा-बारा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला हे सहजासहजी पटत नाही. एक्स्प्रेसवे, पावसाळ्यातला घाट, संध्याकाळचं हिंजवडी हे सगळं निभावलेल्याला पुन्हा शिकाऊ व्हायचं म्हणजे कमीपणा वाटतो. मग घर शोधणं, बँक, मुलांची शाळा या धबडग्यात ‘लायसन्सचं बघू निवांत’ म्हणत दिवस निघून जातात. नेमके तेच दिवस मोलाचे असतात.

मुदत सहा महिन्यांची

भारतीय लायसन्स जर्मनीत चालतं, पण तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच. सोबत जर्मन भाषांतर लागतं. एडीएसीसारखा मोटारक्लब ते करून देतो. आपण आरटीओतून काढून नेलेल्या आंतरराष्ट्रीय परमिटवर वर्षभराची मुदत छापलेली असते आणि तिथेच अनेकांची गफलत होते. त्या परमिटाने सहा महिन्यांचे बारा होत नाहीत. बारा महिन्यांहून कमी काळासाठीच आलो आहोत, हे कागदोपत्री दाखवता आलं तर मुदत वाढवून मिळू शकते. कायमची नोकरी घेऊन गेलेल्याला तो रस्ता बंद आहे.

सहा महिने उलटल्यावर भारतीय लायसन्सवर गाडी चालवणं म्हणजे विनापरवाना गाडी चालवणं. जर्मनीत हा फौजदारी गुन्हा आहे. दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी दिलेल्या भरपाईतली रक्कम चालकाकडून वसूल करू शकते. लायसन्स नाही हे ठाऊक असून ज्या मित्राने आपली गाडी दिली, तोही कायद्याच्या कचाट्यात सापडतो. नोकरी आणि निवासाचा परवाना या दोन्हींवर संसार उभा असताना असा गुन्हा नावावर लागू देणं परवडणारं नाही.

आणखी एक पळवाट मित्रमंडळींत सुचवली जाते. सुट्टीत पुण्याला यायचं, लायसन्स काढायचं आणि घेऊन परतायचं. हेही चालत नाही. जर्मनीत वास्तव्य असताना बाहेरून काढलेलं असं लायसन्स तिथे ग्राह्य धरत नाहीत. इथलं शिकाऊ लायसन्स तर तिथे मुळातच उपयोगाचं नाही.

काही देशांच्या लायसन्सधारकांना परीक्षेविना जर्मन लायसन्स मिळतं. जपान, दक्षिण कोरिया, दक्षिण आफ्रिका ही नावं त्या यादीत आहेत, भारत नाही. म्हणून आपल्याला लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. दिलासा एवढाच, की नवशिक्यांना सक्तीचे असलेले ठरावीक तासांचे वर्ग अनुभवी भारतीय चालकाला सक्तीचे नाहीत. नवख्याचा एकूण खर्च तीन हजार युरोंच्या घरात जातो. आपला त्याहून बराच कमी होऊ शकतो. सहा महिने उलटले म्हणून अर्जाचा हक्कही जात नाही. जातो तो मधल्या काळात गाडी चालवण्याचा हक्क.

अर्ज स्थानिक लायसन्स कचेरीत करायचा. पासपोर्ट, पत्त्याच्या नोंदणीचा दाखला, बायोमेट्रिक फोटो, मूळ लायसन्स आणि त्याचं भाषांतर, डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराच्या वर्गाचं प्रमाणपत्र एवढी कागदपत्रं लागतात. प्रथमोपचाराचा वर्ग 45 मिनिटांच्या नऊ तासिकांचा, म्हणजे एका दिवसाचा असतो. अर्ज मंजूर व्हायला अनेक आठवडे जातात, म्हणून तो पहिल्या महिन्यातच द्यावा. जर्मन लायसन्स हातात पडताना भारतीय लायसन्स जमा करावं लागतं, याची मनाची तयारी ठेवावी.

परीक्षा कसली असते

लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. हिंदी किंवा मराठीची सोय नाही. हजाराहून अधिक प्रश्नांच्या संचातून 30 प्रश्न येतात. प्रत्येक चुकीला दोन ते पाच गुण धरले जातात आणि दहापर्यंतच्या चुका माफ असतात. पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर मात्र बेरीज दहाच भरूनही नापास. लेखी उत्तीर्ण झाल्यापासून बारा महिन्यांत प्रत्यक्ष परीक्षा पार करावी लागते.

प्रत्यक्ष परीक्षा 55 मिनिटांची आणि फक्त जर्मन भाषेत. पण लागणारं जर्मन मोजकंच असतं: डावीकडे वळा, पुढच्या चौकात सरळ जा, गाडी लावा. शेजारी ड्रायव्हिंग स्कूलचा प्रशिक्षक बसतो. त्याच्या पायाशीही ब्रेक असतो, आणि सुरक्षेसाठी त्याला तो दाबावा लागला की परीक्षा तिथेच संपते. परीक्षक मागच्या सीटवर. सुरुवातीला तो टायरच्या नक्षीची किमान खोली किती असावी, असं एखादं विचारू शकतो. उत्तर 1.6 मिलिमीटर.

मग गाडी निवासी वस्तीत शिरते. वेगमर्यादा 30. चौक येतो, सिग्नल नाही, पाटी नाही. आपला रस्ता रुंद, उजवीकडून येऊन मिळणारी गल्ली अरुंद. आपल्याकडे अशा ठिकाणी मोठ्या रस्त्यावरचा माणूस पुढे जातो. तिथे नियम आहे ‘रेख्ट्स फोर लिंक्स’: उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट. रस्त्याची रुंदी, गाडीची किंमत, कोण घाईत आहे, याचा काही संबंध नाही. उजवीकडून सायकल आली तरी थांबायचं, आणि कुणीच आलं नाही तरी वेग कमी करून मान वळवून पाहायचं. पुढे उजवीकडे वळताना आधी आरसा, मग इंडिकेटर, मग खांद्यावरून मागे एक नजर, कारण आरशात न दिसणारा सायकलस्वार शेजारच्या पट्ट्यातून सरळ जात असू शकतो. मागे बसलेला परीक्षक आपली मान वळली की नाही, हेच पाहत असतो. नुसते डोळे फिरवून भागत नाही.

त्यानंतर पांढऱ्या कडेची, पिवळी, हिऱ्याच्या आकाराची पाटी येते. म्हणजे आता हक्क आपला. इथे विनाकारण थबकणं हीही चूक धरली जाते, कारण मागचा चालक आपण जाणार हे गृहीत धरून येत असतो. गावाच्या नावाची पिवळी पाटी दिसली की वेग 50 वर, मग खाली आकडा लिहिलेला नसला तरी. महामार्गावर उजवीकडून ओव्हरटेक करायला बंदी आहे. वाहतूक तुंबली तर सर्वांत डावीकडच्या लेनने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मधोमध रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी ठेवायची, तीही सायरन ऐकू येण्याआधीच. हॉर्नचा उपयोग धोक्याच्या इशाऱ्यापुरता, आणि गावाबाहेर ओव्हरटेकची सूचना देण्यापुरता. ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरं व्यावसायिक वाहनांवर रंगवायला महाराष्ट्राने 2015 मध्ये बंदी घातली. आपली बोटं मात्र अजून हॉर्नवरच असतात.

या सवयी मित्राच्या गाडीत सराव करून बदलता येत नाहीत, कारण सहा महिन्यांनंतर सार्वजनिक रस्त्यावर सराव करायचा तर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, प्रशिक्षकासोबतच. सक्तीचे नसले तरी काही तास पैसे मोजून घ्यावेतच. परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिली आणि गिअरच्या गाडीचं ठरावीक प्रशिक्षण घेतलं नाही, तर लायसन्सवर ऑटोमॅटिकपुरतीच मर्यादा येते, हेही आधीच ठरवून ठेवावं.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, याचं उत्तर आकडे देतात. 2022 मध्ये जर्मनीत रस्त्यांवर 2,788 माणसं दगावली. त्याच वर्षी एकट्या महाराष्ट्रात 15 हजारांहून अधिक, आणि भारतात 1,68,491. महामार्गांच्या बऱ्याच टप्प्यांवर वेगाला कायदेशीर मर्यादाच नसलेल्या, महाराष्ट्राच्या साधारण दोन-तृतीयांश लोकसंख्येच्या देशातला हा आकडा आहे. रस्ते, गाड्या, वैद्यकीय मदत यांचा त्यात वाटा आहेच. पण समोरचा काय करणार हे प्रत्येकाला आधी कळतं, हा वाटा त्या 55 मिनिटांच्या परीक्षेचा आहे. आपलं कौशल्य कमी म्हणून ती घेतली जात नाही. आपण दुसऱ्याला अंदाज येईल असं वागतो का, हे त्यात तपासलं जातं.

गाडी घेताना

आधी गाडीची गरज तपासावी. लोकल, बस, ट्राम मिळून देशभर चालणारं ‘डॉइचलांड-टिकेट’ 2025 मध्ये महिना 58 युरोंना होतं, 2026 पासून 63 युरो झालं. शहरात राहणाऱ्या जोडप्याचं पहिलं वर्ष त्यावर आरामात निघतं. कारखाना गावाबाहेर, पाळ्यांची नोकरी, घरात लहान मूल असेल तेव्हा गाडी हवीच.

जुनी गाडी पाहायला गेलात तर पहिली नजर मागच्या नंबरप्लेटवर टाका. तिथे एक गोल रंगीत स्टिकर असतं. मधला आकडा वर्षाचा, कडेचे बारा आकडे महिन्यांचे, आणि त्यातला जो सर्वांत वर तो महिना. तांत्रिक तपासणीची, म्हणजे लोक ज्याला ‘ट्यूफ’ म्हणतात तिची मुदत तेव्हा संपते. नव्या गाडीला पहिली तपासणी तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. मुदत दोन महिन्यांवर आलेली स्वस्त गाडी दिसली तर दुरुस्तीचा खर्च विकणारा तुमच्या गळ्यात घालतोय का, हे तपासून पाहा. सर्व्हिसच्या नोंदवहीतले शिक्के आणि मीटरचं वाचन जुळतंय का, तेही पाहा.

डीलरकडून घेतलेल्या जुन्या गाडीत आधीपासूनचा दोष निघाला तर निदान एक वर्ष त्याची जबाबदारी डीलरवर असते. खासगी विक्रेता ही जबाबदारी करारात नाकारू शकतो. म्हणून पहिली गाडी डीलरकडून घेणं चार पैसे जास्त गेले तरी शहाणपणाचं. कर्ज काढणाऱ्याला मात्र दोन अडचणी येतात: ‘शूफा’ या पतनोंद संस्थेकडे नव्याने आलेल्याचा इतिहासच नसतो, आणि बँक निवास परवान्याची मुदत पाहते.

गाडीची कागदपत्रं दोन. पहिला भाग गाडी चालवताना जवळ ठेवायचा, दुसरा भाग घरी जपून ठेवायचा. दुसरा भाग हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विम्याशिवाय नोंदणी होत नाही. विमा कंपनी सात अक्षर-अंकांचा एक कोड देते आणि तो नोंदणी कचेरीत दाखवावा लागतो. तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा सक्तीचा. चोरी, गारपीट, रानटी जनावराशी टक्कर यांसाठीचा आणि आपल्याच चुकीने झालेल्या नुकसानीचा विमा ऐच्छिक. विनाअपघात वर्षांच्या सवलतीत नवा माणूस तळाशी असतो, त्यामुळे हप्ता जड येतो. भारतातल्या विमा कंपनीकडून नो-क्लेम बोनसचं इंग्रजी पत्र घेऊन जा. ते मानण्याचं बंधन जर्मन कंपनीवर नाही, पण विचारायला हरकत नाही.

नोंदणीच्या दिवशी पासपोर्ट, पत्त्याचा दाखला, दोन्ही कागद, तपासणीचा अहवाल, विम्याचा कोड आणि कर बँक खात्यातून वळता करायची संमती एवढं बरोबर लागतं. मोटार कर 2014 पासून सीमाशुल्क खातं गोळा करतं. कचेरी नंबर देते, शेजारच्या दुकानात काही मिनिटांत प्लेट तयार होते, आणि ती पुन्हा खिडकीवर नेली की सरकारी शिक्का चिकटवून मिळतो. एमएच 12 म्हणजे पुणे, तसं ‘एस’ म्हणजे श्टुटगार्ट. आणि बर्फ पडण्याआधी हिवाळी टायर बसवा. ऑक्टोबर 2024 पासून डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेलेच हिवाळी टायर कायद्याला चालतात.

जर्मनीला निघालेल्या प्रत्येकाला एकच आग्रहाचं सांगणं. विमानात बसण्यापूर्वी भारतीय लायसन्सची मुदत तपासा आणि नो-क्लेमचं पत्र घ्या. पोचल्यावर पहिल्या महिन्यात लायसन्सचा अर्ज करा, प्रथमोपचाराचा वर्ग उरका आणि लेखीचा अभ्यास सुरू करा. पत्नी किंवा पती मागाहून येणार असतील तर त्यांचे सहा महिने त्यांच्या येण्यापासून स्वतंत्र मोजा. जर्मन लायसन्स हाती येईपर्यंत गाडी खरेदीची घाई करू नका, आणि सहा महिन्यांनंतर भारतीय लायसन्सवर एक दिवसही स्टिअरिंगला हात लावू नका.